मदत हवी आहे: आईची बायपास, घरी सांभाळायचं कसं?

पुढच्या आठवड्यात आईची बायपास आहे. छातीचं हाड सांधायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, तोवर हातांवर जोर द्यायचा नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, हे डॉक्टरांनी समजावलंय. श्वास ओढून गोळे वर उचलायचं यंत्रही आत्ताच सुरू केलंय (आई त्याला खेळणं म्हणते).

अडचण वेगळीच. आम्ही तिघं भावंडं पाळ्या लावू, पण आईला कुणाकडून काही करून घ्यायची सवयच नाही. पाण्यासाठीसुद्धा स्वतःच उठेल. दंड धरून ओढायचं नाही, मग पलंगावरून उठवायचं कसं? ऑपरेशननंतर मन खचतं, उगाच रडू येतं म्हणतात. तेव्हा तिला बोलतं करायचं की नुसतं शेजारी बसायचं? ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी सांगा. आणि भेटायला येणाऱ्यांना थोपवायचं कसं, तेही!