दोष बीजांडात की गर्भाशयात?
पिल्ले होत नाहीत म्हणजे उंदराच्या मादीची बीजांडेच सदोष असणार, हे मत मला पटत नाही. हॉक्स-ए-१० हे जनुक निष्क्रिय केलेल्या माद्यांवरील १९९५ सालच्या संशोधनात बीजांडे नेहमीप्रमाणे सुटत होती, परंतु गर्भाशयाच्या वरच्या भागाला बीजांडवाहिनीचे (बीजांड गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीचे) रूप आले होते आणि तेथे भ्रूण रुजत नव्हते; तेच भ्रूण निरोगी मादीच्या गर्भाशयात सोडल्यावर मात्र वाढले. योनिद्वार जन्मतः बंद असलेली मादी तर अधिकच फसवते, कारण स्राव साचून तिचे पोट व शेपटीखालचा भाग फुगतो आणि तीन आठवड्यांचा गर्भकाळ उलटला तरी आपण तिला गाभणच समजत राहतो. तेव्हा आधी मादी हातात घेऊन शेपटीखाली योनिद्वार उघडे आहे ना हे नीट पाहावे, ही कळकळीची विनंती.