पीटर पॅन म्युझिकल मुलीला दाखवायचंय, टीव्हीवरचं नेमकं कुठलं?

आभा_लेखणी

नमस्कार मंडळी, एक मदत हवी आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला पीटर पॅनची गोष्ट वाचून दाखवली आणि आता ती दिवसरात्र तेच धरून बसलीये. कार्टून तिने बघितलंय, पण मला तिला खरी माणसं गाताना नाचताना उडताना दाखवायची आहेत, म्हणजे नाटकाच्या जवळचं काहीतरी. शोधायला गेले तर टीव्हीवर झालेल्या म्युझिकलच्याच चार-पाच आवृत्त्या निघाल्या, 1955, 1956, 1960, मग 1976, मग 2014 ची लाइव्ह, आणि प्रत्येकीखाली लोक भांडतायत की हीच खरी. मला काहीच कळेना.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे सगळीकडे पीटरचं काम बाईच का करते, मुलगी विचारणार हे नक्की आणि मला तिला नीट उत्तर द्यायचंय. दुसरं म्हणजे त्यातल्या 'इंडियन' (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) लोकांच्या प्रसंगांबद्दल बरंच वाईट वाचलं, तर ते दाखवावं की पुढे ढकलावं? आणि हो, ती आत्ताच पलंगावरून हात पसरून उड्या मारते, म्हणून तारेवर उडणारी माणसं बघून अजून चेव येईल का ही पण एक काळजी आहेच.

जुनी_टेप

आभाताई, 1960 ची दाखवा, डोळे झाकून.

कारण सांगतो. हे म्युझिकल 1954 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या भागात, विंटर गार्डन थिएटरात आलं, दिग्दर्शन आणि नृत्यं जेरोम रॉबिन्सची, पीटर मेरी मार्टिन आणि चाच्यांचा कप्तान हुक सिरिल रिचर्ड. गाणी आधी मूस शार्लाप आणि कॅरोलिन ली यांची होती, मग वाटलं की अजून हवीत म्हणून ज्यूल स्टाइन, बेटी कॉमडेन आणि अॅडॉल्फ ग्रीन यांना बोलावलं. प्रयोग झाले फक्त 152, पण ते पडलं म्हणून नाही, एनबीसी या अमेरिकन वाहिनीशी टीव्हीचं आधीच ठरलेलं होतं म्हणून. नाटक फेब्रुवारी 1955 मध्ये बंद झालं आणि लगेच 7 मार्चला तीच मंडळी टीव्हीवर लाइव्ह उभी राहिली, रंगीत प्रक्षेपणात. त्या रात्री साधारण साडेसहा कोटी लोकांनी बघितलं असं सांगतात. ब्रॉडवेचा अख्खा सीझन धरला तरी इतके लोक थिएटरात येणं शक्य नाही. लोकांना इतकं आवडलं की जानेवारी 1956 मध्ये पुन्हा सगळं लाइव्ह करावं लागलं, कारण तेव्हा रंगीत कार्यक्रम जसाच्या तसा साठवून ठेवायची सोयच नव्हती. जे उरलंय ते किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेली काळीपांढरी नक्कल. मला ती प्राणप्रिय आहे, पण सात वर्षांच्या पोरीला अंधुक वाटेल आणि ती पहिल्या दहा मिनिटांत उठून जाईल.

मग डिसेंबर 1960 मध्ये एनबीसीने रंगीत व्हिडिओटेपवर परत केलं आणि हीच ती आवृत्ती जी 1963, 1966, 1973 ला परत परत दाखवली आणि मग मधे बरीच वर्षं गायब होऊन 1989 मध्ये पुन्हा लागली. अमेरिकेत एका अख्ख्या पिढीचं पीटर पॅन म्हणजे ही टेप. मेरी मार्टिन तेव्हा ब्रॉडवेवर दुसऱ्याच एका मोठ्या म्युझिकलमध्ये रोज काम करत होती आणि तरी हे केलं, आणि वय 47. पण बघताना वय डोक्यातच येत नाही कारण तिच्या अंगात तो पोरगा पूर्ण मुरलेला आहे. कमरेवर हात ठेवून मान मागे टाकून ती कोंबड्यासारखी आरवते ना, तेवढं एक बघा फक्त.

पडद्यामागे

उडण्याबद्दल मी लिहिते, कारण तो माझा आवडीचा विषय.

1954 च्या नाटकात आणि नंतर टीव्हीवर उडवण्याचं सगळं काम पीटर फॉय या माणसाचं. हा मूळचा ब्रिटिश, 1950 मध्ये ब्रॉडवेवर पीटर पॅनचाच एक वेगळा प्रयोग झाला होता त्यासाठी अमेरिकेत आला. त्याआधी तारेवर उडणं म्हणजे बहुतेक वेळा लंबकासारखं इकडून तिकडे झुलणं. रॉबिन्सला मात्र उडणं नाचाचाच भाग हवा होता, म्हणून फॉयने दोन लंबक एकमेकांना जोडायची पद्धत बसवली, त्यामुळे वर उचलणं आणि आडवं नेणं दोन्ही ताब्यात आलं आणि नट रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसरीकडे झपकन जाऊ लागला. हे सगळं विंगेतली माणसं हाताने करतात बरं का, दोर ओढणाऱ्याला गाणं पाठ असावं लागतं, पीटरने गुडघा वाकवला की त्याच ठोक्याला वजन घ्यायचं, जरा मागेपुढे झालं तर नट लोंबकळलेला दिसतो. 1960 च्या टेपमध्ये खिडकीतून पीटर आत येतो तो क्षण मुलीला दोनदा दाखवा, पावलं जमिनीला टेकताना धक्का अजिबात दिसत नाही. तारा दिसतात, हो, कधीकधी स्पष्ट दिसतात. मला वाटतं त्या दिसणंच चांगलं, मूल विचारतं हे कसं केलं आणि मग तुम्ही खरं सांगू शकता.

पलंगावरून उडीचं म्हणाल तर ही काळजी शंभर वर्षांहून जुनी आहे :) मूळ लेखक जे. एम. बॅरीने नाटक 1904 मध्ये लंडनला आणलं तेव्हा पहिल्यांदा उडायला नुसते छान विचार पुरायचे. मग मुलं घरी पलंगावरून उड्या मारून जखमी व्हायला लागली आणि आईबापांच्या सांगण्यावरून त्याने परीची धूळ अंगावर पडल्याशिवाय उडता येत नाही हे घातलं. हे बॅरीने स्वतःच नाटक छापताना लिहून ठेवलंय. तेव्हा तुमच्या मुलीला सरळ सांगा की धूळ नाही तर उडणं नाही, आणि तारांचा पट्टा कपड्याच्या आत कसा असतो तेही सांगा.

निशिगंध

बाई का करते त्याबद्दल. पहिल्या प्रयोगापासूनच तसं आहे. 27 डिसेंबर 1904, ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर, पीटर म्हणजे नीना बुसिको. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला मॉड अॅडम्स. इंग्लंडात नाताळच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे परीकथांवरच्या गमतीदार संगीत नाटकात, तरुण नायकाचं काम मुलीनेच करायची जुनी रीत होती, ती सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. शिवाय व्यवहार पण बघा ना, पीटरला अडीच-तीन तास गायचं, उडायचं, तलवार चालवायची, अख्खं नाटक ओढायचं, हे खऱ्या लहान मुलाला रोज रात्री झेपणार नाही, आणि पुरुष घेतला तर तो मोठा झालेलाच दिसणार. बाई घेतली की आवाज कोवळा राहतो, चण छोटी दिसते. आपण बालगंधर्वांना स्त्री म्हणून जीव लावून बघितलेले लोक, आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मुलीला एवढंच सांगा की नाटकात कोणीही कोणीही होऊ शकतं, मुलं हे मोठ्यांपेक्षा पटकन स्वीकारतात.

त्याच ओघात अजून एक, मिस्टर डार्लिंग, म्हणजे वेंडीचे बाबा, आणि कॅप्टन हुक हे काम एकच नट करतो, हेही 1904 पासूनचं. घरी चिडचिड करणारा बाप आणि तिकडे तोच समुद्री चाचा. सिरिल रिचर्डकडे बघा, हुकचा नखरा, लेस, चालायची ऐट, आणि डार्लिंग म्हणून किती साधा. दोघांनाही, म्हणजे मार्टिन आणि रिचर्डला, या कामासाठी टोनी हे नाटकांचं बक्षीस मिळालं होतं. 2014 मध्ये हे जोडकाम मोडलं, ख्रिस्तोफर वॉकेन फक्त हुक आणि डार्लिंग क्रिश्चन बोर्ल, जो हुकचा साथीदार स्मी पण होता. मला ते खूप खटकलं. गोष्टीतला अर्धा अर्थ तिथेच गेला, मुलांच्या स्वप्नात बापच खलनायक होऊन येतो हे कुणाला कळणारच नाही मग.

रानपाखरू

मी 2014 च्या बाजूने थोडं बोलतो, कारण तिला सगळे नुसतं झोडपतात.

4 डिसेंबर 2014, एनबीसी, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेजच्या ग्रमन स्टुडिओत केलं. पीटर अॅलिसन विल्यम्स. वर्षभर आधीच्या लाइव्ह म्युझिकलला एक कोटी ऐंशी लाखाच्या वर प्रेक्षक मिळाले होते आणि याला नव्वद लाखांच्या थोडे वर, त्यामुळे लगेच सगळीकडे अपयश अपयश. पण अॅलिसन विल्यम्स खरोखर मेहनत करून उभी राहिलीये, गाते स्वच्छ आणि उडते पण आत्मविश्वासाने, आणि हे लाइव्ह, चुकलं तर परत घेता येत नाही. मिसेस डार्लिंग केली ओ'हारा, तिचा आवाज ऐकण्यासाठीच मी ते परत लावतो. वॉकेनचं मान्य, तो फारच आत आत राहून करतो, हुकला जो फुगारा पाहिजे तो नाही. आणि जाहिराती धरून तीन तास म्हणजे लहान मुलांना फार. समोर प्रेक्षक पण बसवले नव्हते, गाणं संपलं की शांतता, मोकळ्या स्टुडिओत ती अंगावर येते.

पण टायगर लिलीचं, म्हणजे त्या 'इंडियन' लोकांच्या राजकन्येचं, त्यांनी जे केलं त्याचं श्रेय द्यायलाच हवं. 1954 च्या गाण्यात नुसते निरर्थक आवाज घालून ते 'इंडियन' लोकांचे शब्द म्हणून म्हणायला लावलेत, तो त्या लोकांचा अपमानच आहे. 2014 ला एनबीसीने चिकसॉ जमातीचे संगीतकार जेरॉड टेट यांना सल्लागार घेतलं आणि ते गाणं नवीन शब्दांत बसवलं. नवे शब्द अमांडा ग्रीनचे, म्हणजे मूळ लिहिणाऱ्या अॅडॉल्फ ग्रीनची मुलगी. आणि 2024 मध्ये जो नवा दौरा निघाला त्याची संहिता लकोटा जमातीच्या नाटककार लॅरिसा फास्टहॉर्स यांनी नव्याने केली. म्हणजे हे म्युझिकल अजून बदलतंय.

जुनी_टेप

टायगर लिलीबद्दल रानपाखरू यांच्याशी पूर्ण सहमत, मला 1960 ची आवडते म्हणून तो भाग मी झाकून ठेवणार नाही. टायगर लिली झालेली साँड्रा ली अफाट नाचते पण तिचा आणि त्या लोकांचा काही संबंध नाही. आभाताई, मी तुमच्या जागी असतो तर तो प्रसंग न कापता दाखवला असता आणि तिथेच थांबवून सांगितलं असतं की ही खरी माणसं आहेत, त्यांच्या खऱ्या भाषा आहेत, आणि हे गाणं लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारलं नाही. सात वर्षांच्या मुलांना अन्याय फार पटकन कळतो. मग 2014 मधलं तेवढंच गाणं लावून दाखवा, दोन्ही पाठोपाठ बघितली की फरक तिला आपोआप दिसेल.

1976 ची विचारलीत, मिया फॅरो आणि डॅनी के. नट चांगले, पण गाणी वेगळी आहेत, न्यूली आणि ब्रिकस यांची, म्हणजे ते म्युझिकलच दुसरं. नंतर कधीतरी बघा.

पडद्यामागे

टिंकर बेलचं, पीटरच्या परीचं, राहिलं! ती विष पिते आणि तिचा उजेड मंद होत जातो तेव्हा पीटर वळून सरळ आपल्याकडे बघतो आणि विश्वास असेल तर टाळ्या वाजवा म्हणतो. 1904 ला बॅरीला इतकी धास्ती होती की कोणीच वाजवणार नाही म्हणून त्याने वादकांना आधीच सांगून ठेवलं होतं की वाद्यं खाली ठेवून तुम्ही सुरू करा. गरजच पडली नाही, अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या आणि नीना बुसिकोला रडू फुटलं. आता टीव्हीवर हे अजून अवघड, कारण घरातल्या टाळ्या स्टुडिओत कुणाला ऐकू जाणार? मेरी मार्टिन तिथे कॅमेऱ्याच्या इतकी जवळ येते आणि असं विनवते की समोरच्या मुलाला वाटतंच की माझीच टाळी कमी पडतेय. ती एकटी स्टुडिओत उभी आहे, समोर लोखंडी कॅमेरा आहे, आणि तरी ती पलीकडच्या पोराशी बोलतेय. मला विचाराल तर 1960 वर पसंती द्यायला हे एकच कारण पुरेसं आहे, बाकी सगळ्या आवृत्त्यांमध्ये पीटर टाळ्या मागतो, इथे त्याला त्या खरंच हव्या असतात. तेव्हा तुम्ही पण वाजवा, मोबाईल बाजूला ठेवून.

आभा_लेखणी

बापरे, किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! 1960 ठरली. टायगर लिलीचं थांबवून बोलायची कल्पना पटली, आणि परीच्या धुळीचं तर आजच सांगते.

एक शेवटचं, शेवट फार रडवणारा आहे का? पुस्तकात वेंडी मोठी होते आणि पीटर परत येतो, तिथे वाचतानाच माझा आवाज गेला होता आणि मुलगी घाबरली होती. नाटकात ते आहे का?

निशिगंध

आहे. गंमत म्हणजे 1904 च्या नाटकात ते नव्हतं, बॅरीने नंतर लिहिलं आणि 1908 मध्ये फक्त एकदाच रंगमंचावर झालं. मग 1911 च्या कादंबरीत आलं, आणि म्युझिकलने ते उचलून शेवटी ठेवलं. वेंडी मोठी झालेली, पीटर तसाच, आणि तिची मुलगी जेन उठून बसते. 1954 ला वेंडी आणि जेन ही दोन्ही कामं एकाच मुलीने केली होती, केव्हा वेंडी मोठी झाली आणि केव्हा तीच परत लहान होऊन आली हे पोरांना आधी कळत नाही, म्हणून तेवढं आधी सांगून ठेवा. पण प्रसंग छोटा आहे आणि जेन लगेच आनंदाने उडून जाते त्यामुळे मुलं सहसा रडत नाहीत, रडतात ते आपणच. मध्ये एक ब्रेक घ्या, चाच्यांच्या जहाजाच्या आधी, म्हणजे शेवटापर्यंत ती पेंगणार नाही.