मदत हवी आहे: झटक्याच्या आडव्या वाऱ्यात सेसना १७२ या छोट्या विमानाचा टेकऑफ, आकडा कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी. मी परुळ्याचा, सध्या घाटावर फ्लाइंग शिकतोय. सुट्टीत गावी आलोय आणि सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावरचा (पठारावरचा) दुपारचा वारा बघून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. इथला विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. धावपट्टी ०९/२७ (दोन टोकांच्या दिशा ९० आणि २७० अंश), म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम, अडीच किलोमीटर लांब. छोट्या विमानाला लांबी भरपूर झाली, पण वाऱ्याचं काय?

सरावासाठी कागदावर गणित मांडलं. पावसाळ्याच्या तोंडावरचा नैऋत्य वारा, समजा २२० अंशांवरून १६ नॉट (ताशी सागरी मैल), झटके २६ पर्यंत. २७ वरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, निघालं तर तो डावीकडून ५० अंशांत येतो. १६ धरले तर आडवा भाग साधारण १२ नॉट, २६ धरले तर २०. विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १५ आहे. एका हिशेबाने निघायचं, दुसऱ्याने हँगरमध्येच थांबायचं! सीनियर म्हणतात, १५ ही मर्यादा नाही, चाचणीत करून दाखवलेला वारा आहे. बरोबर आहे, पण तो करून दाखवणारा टेस्ट पायलट होता.

दुसरं असं की सुरुवातीला योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण वाऱ्याकडे आणि वेग वाढेल तसा कमी करायचा, हे पाठ आहे. पण ४५ नॉटला झटका आला, डावा पंख उचलायला लागला, नाक डावीकडे वळलं, तर नेमकं काय करायचं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा. सोलो (पहिलं एकट्याचं उड्डाण) जवळ आलाय.

प्रतिसाद

आकडा झटक्याचाच धर. त्या वाऱ्यात शिकाऊने निघायचं नाही, विषय संपला. सकाळी मतलई वारे असतात, खारा वारा दुपारी चढतो. फ्लाइट सकाळची माग.

आता धावपट्टीवरचं. डावीकडचा वारा जास्त छळतो, कारण प्रोपेलरही नाक डावीकडेच ओढतो आणि वाऱ्यामुळे विमान वातकुक्कुटासारखं त्याच बाजूला फिरतं. उजवा रडर (नाक उजवीकडे वळवणारं पायातलं पेडल) पूर्ण दाबूनही सेंटरलाइन सुटत असेल तर पॉवर लगेच बंद, ब्रेक हळू, योक वाऱ्याकडेच. ४५ नॉटला एवढ्या लांब पट्टीवर थांबायला जागाच जागा आहे. पंख उचलतोय असं वाटलं तर योक पुन्हा वाऱ्याकडे वाढव. कमी करत आणायचा म्हणजे सोडून द्यायचा नव्हे.

खरा अपघात होतो तो अर्धवट उडाल्यावर. झटक्याने विमान वेळेआधी उचललं जातं, झटका ओसरतो आणि ते बाजूला सरकत असतानाच परत टेकतं. चाकं तिरकी पडतात, लँडिंग गिअर (चाकांचा सांगाडा) मोडतो नाहीतर पंखाचं टोक घासतं. म्हणून ५५ ला रोटेट करत (नाक उचलत) असशील तर झटक्यांच्या वाऱ्यात पाच नॉट जास्त होईपर्यंत जमिनीवर धरून ठेव, मग ठामपणे उचल. चाकं सुटली आणि परत टेकणार नाहीत अशी खात्री झाली, की नाक वाऱ्याकडे वळव.

फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या झडपा) किती घ्यायचे ते तुझ्या विमानाच्या पुस्तकात बघ आणि इन्स्ट्रक्टरसोबत बसून एकदा हेच गणित कर.

धागाकर्ता

मनापासून आभार काका. उजव्या रडरचं कोणीच असं फोडून सांगितलं नव्हतं. एक राहिलं: पट्टी सड्याच्या कडेजवळ असेल तर चढणीवरून उसळून येणारा वारा विंडसॉकवर (वारा दाखवणाऱ्या कापडी पिशवीवर) आधी दिसतो का?