रस्ता दारात आला म्हणून पुन्हा पैसे?

बाणेरकर: काल एकाने लिहिलं, 'रस्ता रुंद झाला की ज्याच्या जागेचा भाव वाढतो, खर्च त्याच्याकडूनच वसूल करा.' डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा. पुण्यात घर घेताना ७ टक्के मुद्रांक शुल्क भरलं, त्यातला १ टक्का मेट्रोच्या नावाने. बिल्डरने भरलेलं विकसन शुल्कही आमच्याच किमतीत धरलेलं. वर दरवर्षी मिळकतकर. एकाच रस्त्याचे किती वेळा घेणार? आणि वाढलेला भाव हातात येतो घर विकल्यावर. मला विकायचंच नाही.

निवृत्त अभियंता: लिहिणारा मीच. १९६६चा नगररचना कायदा वाचा. नगररचना योजनेत मूळ भूखंडाच्या बदल्यात नव्याने आखलेला अंतिम भूखंड मिळतो आणि वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान, म्हणजे खर्चातला मालकाचा वाटा, घेता येतं. लवाद असतो, सुनावणी असते. अहमदाबादने भोवतालचे रस्ते असेच काढले. आपण कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर ठरवला आणि जागा मिळेना म्हणून ५० वर आणला.

कात्रजवासी: जागा मिळेना कारण मालकाला रोख हवी आणि समोर ठेवतात टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क. माझ्या मामांची दोन गुंठे गेली. तो कागद घेऊन ते दलालांचे उंबरे झिजवत होते. अंशदान मागण्याआधी मोबदला द्या.

सदाशिव पेठ: रस्ता राहू द्या, मिळकतकरातल्या ४० टक्के सवलतीचं बोला. १९७० पासून स्वतः राहणाऱ्याला असलेली सवलत मधे काढली, २०२३ला परत आणली, पण ज्यांची काढली होती त्यांनी स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरला तरच. माझे वडील ८१ वर्षांचे. जन्म याच वाड्यात. ते इथेच राहतात हे त्यांनी सिद्ध करायचं?

धायरीकर: तुमची सवलत तरी आहे. आमचं गाव २०१७ला ११ गावांत महापालिकेच्या हद्दीत घेतलं. कर शहराचा, पाणी टँकरचं. फुरसुंगी-उरुळी देवाची याच करावरून भांडून बाहेर पडली.

निवृत्त अभियंता: विषय अंशदानाचा आहे. प्रत्येकाने आपापलं बिल काढून बसायचं ठरवलंय का?

सदाशिव पेठ: बिलच विषय आहे, साहेब! थकलं तर महिन्याला २ टक्के शास्ती लावतात. वडिलांचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दोनदा हरवला. तिसऱ्यांदा मी पोच घेतल्याशिवाय हललो नाही. ज्यांना एक कागद सांभाळता येत नाही ते माझ्या वाड्याचा वाढीव भाव ठरवणार?

निवृत्त अभियंता: हे मान्य. माझाही अर्ज एकदा गेलाय. पण म्हणून रस्ते अरुंदच ठेवायचे का?

बाणेरकर: नाही. आखणीच्या वेळीच आकडा सांगा, हरकती ऐका, मग देईन. रस्ता झाल्यावर बिल धाडलंत तर एक रुपया मिळणार नाही.

धायरीकर: पेठकर, पीटी-३ला काय काय जोडलंत?

सदाशिव पेठ: ओळखपत्र आणि राहत असल्याचा पुरावा. सोसायटी असेल तर तिचं पत्र चालतं. आमच्या वाड्याला कुठली सोसायटी? पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.