आधी मुंबई गाठावी की आधी यादी करावी?

वाशिष्ठीकाठचा

भाच्याच्या नोकरीचं प्रकरण आहे. बीएस्सी केमिस्ट्री, गेल्या वर्षी पास, आता गुहागर तालुक्यात घरी. चार महिन्यांत मोबाइलवरून १४० अर्ज टाकले, मुलाखत एक. परवा त्याचा फोन मागून घेतला आणि दोघं ओटीवर बसलो. अर्ज वर सरकवत गेलो: सेल्स एक्झिक्युटिव्ह, डेटा एंट्री, मेडिकल कोडिंग, मध्येच एक क्यूसी (म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा) केमिस्ट, परत टेलिकॉलर. बायोडेटाच्या फाइलचं नाव 'न्यू फायनल ३'. आत सुरुवातीला 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'च्या चार ओळी. म्हटलं याचा अर्थ सांग. तो हसायला लागला.

आणि खरी मेख पुढेच आहे. त्यांच्या घरात रेंज नाही. रेंज येते वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कलमांच्या बागेत. हा संध्याकाळी तिथं जातो तेव्हा मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड पडतात. कंपनीतून दुपारी बाराला फोन आलेला असतो, हा साडेसहाला उलटा लावतो. तिकडे बोर्डलाइन वाजून वाजून बंद. म्हणजे १४० अर्जांपैकी किती जणांनी खरंच फोन केला होता हे आता देवालाच ठाऊक.

बहीण म्हणते, नालासोपाऱ्याला काकांकडे पाठवू, तिथं गेला की लागेल कुठेतरी. मी विरुद्ध आहे. लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसी लॅबमध्ये ११ वर्षं काढली, त्यावरून सांगतो: आधी काम ठरवा. त्याच्यासाठी दोनच, क्यूसी केमिस्ट नाहीतर प्रॉडक्शन ट्रेनी. मग लोटे, महाड, रोहा-धाटाव, पाताळगंगा, तळोजा मिळून ३० कारखान्यांची वही करा. प्रत्येकापुढे टाइम ऑफिसचा (हजेरी-भरती बघतात त्यांचा) नंबर, कामगार कोणत्या कंत्राटदाराचे, आणि आपल्या पंचक्रोशीतलं तिथं कोण आहे. आठवड्याला पाच अर्ज, पण प्रत्येकामागे एक फोन. ओळखीच्याला 'जागा आहे का' विचारलं की तो 'बघतो' म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा 'लॅबमध्ये एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) आहे का, फ्रेशरला हात लावू देतात का' असं विचारा, माणूस अर्धा तास बोलतो. दिवाळीपर्यंत हे करू दे. नाही जमलं तर जा म्हणावं मुंबईला. बोला.

लालबाग_ते_लांजा

दादा, वही छान आहे, पण नोकऱ्या वहीत लागत नाहीत. माझे वडील लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. दहा बाय बाराची खोली, पाळीनं झोपायचं, ट्रंका भिंतीला रचलेल्या. गिरणीत कोणी जागा सोडली की ती बातमी आधी खोलीत यायची, मग खात्यात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण पद्धत तीच राहिली. मी २००४ ला तुतारी एक्स्प्रेस नव्हती तेव्हा एसटीनं गेलो, खिशात यादी-बिदी काही नाही. नवव्या दिवशी शेजारच्यानं कुरियरमध्ये चिकटवलं. तिथून औषधांच्या गोदामात, आज भिवंडीत गोदाम सांभाळतो. माणूस समोर दिसला की लोकांना आठवण होते. सड्यावर बसलेला कोणाला दिसणार?

आणि वॉक-इनचं काय? संध्याकाळी मेसेज, उद्या सकाळी नऊला तळोज्यात या. गुहागरातून निघून पोचेल तो?

वाशिष्ठीकाठचा

तळोज्याला पोचणार नाही, मान्य. पण नालासोपाऱ्याहून तरी तळोजा कुठे जवळ आहे? वसईला उतरा, पनवेलची गाडी धरा, ती चुकली की बसा. आणि शेजारच्यानं तुम्हाला कुरियरमध्ये चिकटवलं, तसंच माझ्या भाच्यालाही चिकटवतील, हीच तर भीती. केमिस्ट्री शिकलेला मुलगा दोन वर्षं पार्सलं वाटत बसला की नंतर लॅबवाला विचारतो, मधली दोन वर्षं कुठे होतास? तुमचं जमलं कारण तुम्हाला गोदामातच पुढे जायचं होतं.

लालबाग_ते_लांजा

जायचं नव्हतं, जावं लागलं. आणि तुमच्या ३० कारखान्यांत बोईसर-तारापूर कुठे आहे? नालासोपाऱ्याहून डहाणू लोकल पकडली की बोईसर. केमिकलचे एवढे कारखाने तिथं, आणि लोट्यात ११ वर्षं काढलेल्या माणसाच्या यादीत ते नाहीत!

वाशिष्ठीकाठचा

हे चुकलं. खरंच सुचलं नाही. आपल्या रेल्वेवर जे येतं तेवढंच डोक्यात होतं.

पंच_आऊट

मी महाडला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये आहे, म्हणजे तुम्ही सगळे ज्याला 'एचआर' म्हणता ते. दोघांचंही अर्धं पटतं, म्हणून दोघांशी भांडते.

यादी करणाऱ्यांना: तुम्ही जाहिरातींची वाट बघता. आमच्याकडे जागा निघाली की आधी आतल्या माणसांना विचारतो, मग जुने अर्ज काढतो, मग कंत्राटदाराला सांगतो. जाहिरात सगळ्यात शेवटी. मुंबई गाठा म्हणणाऱ्यांना: पत्ता नालासोपारा बघितला की मी अर्ज बाजूला ठेवते. कारण मुलगा महिनाभर राहतो, खोलीभाडं परवडत नाही म्हणून जातो. मला पोलादपूरचा, खेडचा, माणगावचा पत्ता आवडतो. कंपनीच्या बसच्या रस्त्यावरचा असेल तर फारच छान. तेव्हा गावचा पत्ता लपवू नका, वर ठळक लिहा. (गावच्या मुलांचा एकच त्रास. गणपतीला चार दिवसांची रजा मागतात आणि थेट दहाव्या दिवशी उगवतात.)

मी बायोडेटात बघते ते पास झाल्याचं वर्ष, राहणार कुठे, आणि हातानं काय केलंय. 'टायट्रेशन केलं, पीएच मीटर कॅलिब्रेट करता येतो' एवढी एक ओळ त्या ऑब्जेक्टिव्हच्या चार ओळींपेक्षा भारी. फोनसाठी घरच्या दुसऱ्या कोणाचा, रेंजमधला नंबर द्या आणि पुढे लिहा 'सकाळी १० ते १'.

आणखी एक, जे कोणी विचारतच नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आमच्यासारख्यांवर तो आकडा भरायचा दबाव असतो आणि मुलं 'पर्मनंट आहे का' विचारून फोन ठेवतात. अरे, वर्षभर लॅबमध्ये उभं राहायला मिळतं, पैसे मिळतात, वर आतला माणूस होता!

देवबागचो_झिल

गाववाल्यांनू, मुंबय नायतर लोटे, तेच्या पलीकडे जग आसा ता कोणाक दिसणा नाय काय? आमच्या बांद्यासून, दोडामार्गासून कितके झिलगे रोज सकाळी मोटारसायकलीन गोव्यात कामाक जातत. पेडणा, म्हापसा, थिवी. रातीक घराक येवन पेज जेवतत. मोपाचो विमानतळ २०२३ च्या जानेवारीत चालू झालो, तेव्हापासून आणखीन जातत. गोव्याच्या सरकारी नोकरेक १५ वर्सांचो रहिवास लागता, तो आमच्याकडे नाय. पण कंपनीक तेचा काय पडलेला नाय. औषधाचे कारखाने थय भरपूर आसत, केमिस्टाक काम गावतला. तुमच्या वहीत गोवा खय आसा?

वाशिष्ठीकाठचा

गुहागरातून पेडण्याला मोटारसायकल? मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चालू आहे, ते पुरं झालं की बघू.

निवृत्त_मास्तर_दापोली

सगळे खाजगीचंच बोलताय. पोरानं दोन वर्षं नेट लावून सरकारी परीक्षा द्यावी. खुल्या गटाला ३८ पर्यंत वयोमर्यादा आहे, घाई कसली? आमच्या पिढीनं एक नोकरी धरली आणि पेन्शन घेऊन बाहेर पडलो. कारखान्यात कंत्राटदार बदलला की माणूस बदलतो.

तीनदा_मेन्स

मास्तर, आदर ठेवून विरोध करतो. ३८ ची मर्यादा हाच सापळा आहे, कारण 'अजून वय आहे' म्हणत माझी सहा वर्षं गेली. २०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४६४४, अर्ज दहा लाखांवर. एका जागेमागे दोनशेहून जास्त. फी खुल्या गटाला १०००, राखीवला ९००. पुण्यात अभ्यासिकेची फी, मेस, कॉट बेसिस, हे सगळं घरच्या काजूच्या पैशांवर. मी त्या मुलाला परीक्षा देऊ नको म्हणत नाही. नोकरी करत दे, आणि किती वेळा देणार तो आकडा आजच आईला सांगून ठेव.

निवृत्त_मास्तर_दापोली

नोकरी करत अभ्यास होत नाही.

तीनदा_मेन्स

न करताही झाला नाही, मास्तर.

सुरंगीचा_गजरा

भाचा आहे म्हणून एवढी चर्चा. भाची असती तर? मी एमएस्सी मायक्रो. तुमच्यासारखीच वही केली होती, २२ कारखाने. त्यातल्या नऊ ठिकाणी पहिल्याच फोनला कळलं की मुली फक्त क्यूसीत, त्याही जनरल शिफ्टला, आणि ती जागा आधीच भरलेली. एकीकडे मुलाखत छान झाली, मग साहेबांनी विचारलं, लग्नाचं काय ठरलंय? घरी आले आणि ते पान फाडलं.

मला शेवटी नवी मुंबईतच मिळाली. खोली मामांनी ठरवली नाही, मीच तिघी मैत्रिणींबरोबर घेतली. तेव्हा लालबागवाल्या काकांशी मी सहमत आहे, वेगळ्या कारणानं. गावाजवळच्या कारखान्यात सगळे ओळखीचे, आणि ओळखीचे लोक मुलीच्या वतीनं भराभर ठरवतात. शहरात निदान नकार मला थेट मिळतो.

पण वही फुकट गेली नाही हेही सांगते. कुठल्या कारखान्यात कुठली तपासणी चालते हे पाठ झालं होतं, ते नवी मुंबईच्या मुलाखतीत उपयोगी पडलं.

पंच_आऊट

लग्नाचा प्रश्न आमच्याकडेही विचारला जायचा. मी भांडून फॉर्मवरून काढायला लावला, तोंडी कोण काय विचारतं त्यावर माझा ताबा नाही. सुरंगी, खरं बोललात.

हर्णैचा_परतलेला

कुवेतला १४ वर्षं होतो, म्हणून थोडं. मुंबई गाठल्यावर बेकार पोरगं पहिल्यांदा कोणाच्या तावडीत सापडतं? एजंटाच्या. 'आखातात प्लांट ऑपरेटर, लाख-दीड लाख भरा.' एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. नोंदलेल्यालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या पुढे पावती जात नाही. जहाजावरच्या नोकरीसाठी तर एजंटानं खलाशाकडून भरतीचे पैसेच घ्यायचे नसतात. आमच्या वाडीतल्या एकानं आईच्या पाटल्या मोडून पैसे भरले, तो अजून विमानतळ बघायचा आहे. जायला माझा विरोध नाही, मीच गेलो होतो. पण इथं दोन वर्षं प्लांटवर काढून जा, तिकडे पगार अनुभवावर ठरतो.

लालबाग_ते_लांजा

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही, एवढंच म्हणेन की पोरगा जाताना काय शोधतोय ते सांगता आलं पाहिजे. माझ्या शेजाऱ्याला मी 'काहीपण चालेल' म्हटलं होतं, म्हणून त्यानं काहीपण दिलं. बोईसरला माझा मावसभाऊ एका कारखान्यात फिटर आहे. मुलाला तुमचे ते लॅबचे प्रश्न पाठ करून त्याला फोन करायला सांगा. रात्री आठनंतर.

वाशिष्ठीकाठचा

काल बसून वही नव्यानं केली. बोईसर-तारापूरची सात नावं आली. गोव्याचीही तीन लिहिली, देवबागकर खूश व्हा. ऑब्जेक्टिव्ह काढलं, टायट्रेशन घातलं. नंबर माझ्या बायकोचा दिलाय, ती दिवसभर चिपळुणात रेंजमध्ये असते. तिनं ताकीद दिली आहे की कंपनीचा फोन आला तर ती भाच्याचा पगारही ठरवून टाकेल. मावसभावाला आज रात्री फोन होईल.

शिकाऊ उमेदवारीचं त्याच्या आईला अजून पटलेलं नाही. 'शिकाऊ' शब्दच तिला खुपतो, शेजारी काय म्हणतील. तरी शुक्रवारी महाडला दोन टाइम ऑफिसांत अर्ज द्यायला जातोय. पंच आऊट, तुमचं असेल तर ओळखू नका. सकाळच्या रत्नागिरी-दिवा पॅसेंजरनं वीरला उतरेल. तिथून एमआयडीसीत जायला शेअर रिक्षा मिळते का, की आधी महाड स्टँडला जावं लागतं?

पंच_आऊट

स्टेशनबाहेर रिक्षा असतात, भरल्याशिवाय सुटत नाहीत. साडेदहाच्या आत गेटवर यायला सांगा, नंतर साहेब मीटिंगला जातात. आणि मार्कशीटच्या झेरॉक्स घरूनच आणायला सांगा, गेटजवळचं मशीन निम्मा वेळ बंद असतं.