अनुभव धागा: फिल्मचा रोध कोसळला तेव्हा

व्हॅनेडियम डायऑक्साइडची फिल्म (अगदी पातळ थर) साधारण ६८ अंश सेल्सिअसला विद्युतरोधकाची धातू होते, हे १९५९ पासून ठाऊक आहे. त्या तापमानाला रोध एका उडीत कोसळतो, तो देखणा आलेख सगळ्यांनीच पाहिलाय. तुमच्या टेबलावर काय झालं ते लिहा, फसलेलं आधी.

सुरुवात मीच करतो. सफायरवरची माझी पहिली फिल्म तापताना ७९ अंशांना बदलली, निवताना ५५ ला. चोवीस अंशांचा हिस्टेरिसिस, म्हणजे तापताना-निवतानाचा फरक! कणांच्या आकारावर दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "थर्मोकपल कुठे चिकटवलंयस?" थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी तार, आणि ती होती हीटरवर. मी मिनिटाला दहा अंशांनी तापमान पळवत होतो आणि फिल्म बिचारी मागे रेंगाळत होती. थर्मोकपल फिल्मशेजारी आणलं, वेग मिनिटाला एक अंश केला, फरक आठवर आला. म्हणजे माझा बराचसा शोध हीटरचाच होता.

*

माझी तर बदललीच नाही. १०० अंशांपर्यंत रोध आपला हळूहळू उतरतोय, उडी म्हणून नाही. क्ष-किरण विवर्तनाने रचना तपासल्यावर कळलं, ऑक्सिजन जास्त होऊन व्ही२ओ५ हे भलतंच ऑक्साइड झालंय. पुढच्या खेपेला ऑक्सिजनचा दाब फारच कमी केला तर व्ही२ओ३ झालं, ती फिल्म खोलीच्या तापमानालाच धातू! (तिचा बदल १५०-१६० केल्विनच्या आसपास, आणि त्या आठवड्यात तेवढं गार करायला लागणारा द्रव नायट्रोजन संपलेला.) मधला दाब सापडेपर्यंत अकरा फिल्म्स खर्ची पडल्या. वहीत त्या अकराही चिकटवून ठेवल्यात मी.

*

आम्ही तापवण्याऐवजी व्होल्टेज वाढवत नेलं. करंट लिमिट लावायचं विसरलो. दोन इलेक्ट्रोडमध्ये धातूची एक अरुंद वाट उघडली, सगळा प्रवाह तिच्यातूनच धावला, ती आणखी तापली, खेळ खलास. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढी काळी रेघ दिसते. आता सिरीजमध्ये रोधक जोडल्याशिवाय हात लावत नाही.

*

फिल्ममध्ये १ टक्का टंगस्टन घातलं की बदलाचं तापमान वीसेक अंशांनी खाली येतं, खरंय. पण रोधातली उडीही खुजी होते, ते कोणी आधी सांगत नाही. माझी दहा हजार पटींवरून दोनशेवर आली.

> थर्मोकपल कुठे होतं?

फिल्मशेजारीच हो!

*

मी फिल्म नाही, अखंड स्फटिक मोजत होते. बदलाच्या वेळी आतल्या अणूंची मांडणी एका प्रकारची (मोनोक्लिनिक) जाऊन दुसऱ्या प्रकारची (रुटाइल) होते, तेव्हा स्फटिकाचा आकारही बदलतो. तिसऱ्या फेरीत टिक् असा आवाज आला आणि मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवू लागला. तेव्हापासून फिल्मच.