शाही टाकसाळीचा मक्ता १८५१ पर्यंत का टिकला?

प्रश्न (अमळनेरहून एक वाचक)

आमच्या घरच्या जुन्या रोजमेळात ‘चांदवडी’ (चांदवडच्या टाकसाळीचे) आणि ‘कंपनी’ (ईस्ट इंडिया कंपनीचे) रुपयांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत आणि चांदवडीपुढे बट्ट्याचा, म्हणजे नाणे बदलताना होणाऱ्या कपातीचा, आकडा मांडलेला आहे. त्या निमित्ताने टाकसाळींच्या कारभाराविषयी वाचू लागलो आणि एका गोष्टीपाशी अडलो. लंडनच्या टॉवर हिलवरील शाही टाकसाळीत १८१० च्या सुमारास बोल्टन या इंग्रज कारखानदाराची वाफेवरची यंत्रे आली होती. मग तेथे नाणी पाडण्याचे काम १८५१ पर्यंत एका जुन्या मक्तेदार मंडळीकडे कसे राहिले? पेशवाईतही टाकसाळी सोनारांना मक्त्याने दिल्या जात, आणि तो मागासलेपणाचा नमुना म्हणून आपल्याला शिकवला जातो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १ (जळगाव)

त्या मंडळीला ‘मनीयर्स’ची (नाणी पाडणाऱ्यांची) कंपनी म्हणत. ती मध्ययुगापासून चालत आलेली होती, आपले शिकाऊ उमेदवार आपणच निवडत असे, आणि नाणी पाडण्याचा हक्क परंपरेने आपलाच आहे असे मानत असे. टाकसाळीच्या मास्तराने (प्रमुख अधिकाऱ्याने) राजाशी करार करायचा आणि प्रत्यक्ष काम या मंडळींकडून वजनावर ठरलेल्या दराने करून घ्यायचे, अशी रचना होती. कामगारांची मजुरी हे मनीयर्स स्वतः देत आणि उरलेले त्यांचे. यंत्रे आल्यावर काम झपाट्याने होऊ लागले, त्यामुळे जास्त नाणी पाडली गेली त्या वर्षी त्यांना भरघोस नफा मिळे आणि काम थोडे असले की तक्रारी सुरू होत. सरकारी जागा आणि सरकारी यंत्रे यांवर खाजगी मक्ता चालत होता, हे या प्रकरणाचे मर्म आहे.

मास्तरपदही बव्हंशी राजकीय झाले होते. पुढे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन १८४१ ते १८४५ या काळात त्या पदावर होते; मंत्रिमंडळ बदलले की मास्तर बदले, आणि खालची मंडळी मात्र जागच्या जागी राहत. १८४८ मध्ये शाही आयोग नेमला गेला, त्यातून मक्ता मोडायचे ठरले आणि १८५१ मध्ये मनीयर्सना निवृत्तिवेतन देऊन बाजूला करण्यात आले. नव्या व्यवस्थेतील पहिले मास्तर म्हणून खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आले, आणि नाणी पाडणारे कामगार सरकारी पगारावर आले. सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम मात्र १८५२ मध्ये अँथनी डी रॉथ्सचाइल्ड यांना भाडेपट्ट्याने दिले गेले, म्हणजे एक मक्ता मोडून दुसरा उघडला, असेही म्हणता येईल. तरी दोहोंत फरक आहे, कारण नाण्याचे वजन आणि कस (धातूची शुद्धता) ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी आता पगारी अधिकाऱ्यावर होती.

उत्तर २ (धुळे)

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. मुंबईची टाकसाळ मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२४ ते १८२९ या काळात उभी राहिली, आणि कंपनी सरकारने तिचे काम आपल्या पगारी अधिकाऱ्यांकडे ठेवले. कलकत्त्याच्या टाकसाळीत तर चांदीचा कस पाहणारे अधिकारी एच. एच. विल्सन हे मूळचे शल्यवैद्य आणि संस्कृतचे पंडित होते. त्यांच्यानंतर ते काम जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे आले. याचा अर्थ कंपनी सरकार फार पुढारलेले होते असा नव्हे. लंडनमध्ये जुना हक्क सांगणारी मंडळी जागेवर बसलेली होती, तर येथे नव्या इमारतीत पहिल्या दिवसापासून आपल्या सोयीची रचना करता आली. मोडायला काही नसले की सुधारणा स्वस्त पडते.

आपल्या रोजमेळातील बट्टा मात्र १८३५ च्या कायद्याने हळूहळू निकालात निघाला. त्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन (एक लहान इंग्रजी वजन) वजनाचा, बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरवला. त्यानंतरही जुनी नाणी खेड्यापाड्यांत चालत राहिली, आणि सराफाने वाजवून, घासून पाहिल्याशिवाय कोणी ती पूर्ण भावाने घेत नसे.

प्रश्नकर्ता

आभार. हर्शेल यांचे पुढे काय झाले? आणि १८९३ मध्ये भारतातल्या टाकसाळी चांदीसाठी बंद करणारी जी समिती होती, ती त्यांचीच का?

उत्तर ३ (चोपडा)

नाही, नावे सारखी असल्याने हा घोटाळा पुष्कळांचा होतो. जॉन हर्शेल यांनी प्रकृती बिघडल्यामुळे १८५५ मध्ये पद सोडले आणि त्यांच्या जागी रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम आले. १८६९ मध्ये ग्रॅहम वारल्यावर १८७० च्या कायद्याने मास्तरपद अर्थमंत्र्याकडे नाममात्र जोडले गेले आणि प्रत्यक्ष कारभार उपमास्तर चार्ल्स फ्रीमँटल पाहू लागले. राजकीय माणूस पुन्हा वर आला खरा, पण या वेळी तो नावापुरताच, आणि माझ्या मते हीच रचना जास्त शहाणपणाची ठरली.

१८९३ च्या समितीचे अध्यक्ष लॉर्ड फॅरर हर्शेल हे कायदेपंडित होते. त्यापूर्वी कोणीही चांदी मुंबईच्या टाकसाळीत नेऊन ठरावीक शुल्क भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढला आणि खानदेशच्या कापसापोटी परदेशातून आलेली चांदी याच वाटेने रुपया झाली. १८९३ नंतर ती वाट बंद झाली आणि रुपयाची किंमत त्यातील चांदीच्या किमतीहून वेगळी चालू लागली. ज्या शेतकऱ्याची बचत रुपयांत नसून बायकोच्या चांदीच्या कड्या-तोड्यांत होती, त्याला याची झळ बसली. १८९९-१९०० च्या दुष्काळात ते दागिने सराफाकडे गेले, तेव्हा त्यांना चांदीचा बाजारातला पडलेला भावच मिळाला.